क्षण टिपणारे सावेदादा

परभणी, गंगाखेड, जिंतूर या भागांतील मुलांस जत्रेतील कुस्त्यांचा फड नवा नाही. दोन मल्ल आखाड्यात उतरतात, अंगाला माती लावतात आणि एकमेकांना भिडतात. बराच वेळ दोघेही एकमेकांच्या ताकदीचा अंदाज घेत राहतात. मग डोळ्याचे पाते लवते न लवते तोच एकाचा डाव साधतो आणि दुसरा चीतपट होतो. ज्याची नजर नेमकी त्याच वेळी दुसरीकडे वळली असेल, त्याची कुस्ती हुकली. गेलेला क्षण त्याला कोणीही परत आणून दाखवू शकत नाही.

असा निसटता क्षण यंत्रात धरून ठेवण्याचे साहस एका मराठी माणसाने मुंबईत १८९९ साली केले. त्यांचे नाव हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. लोक त्यांना सावेदादा या नावाने ओळखत.

सावेदादांचा जन्म १८६८ साली झाला. छायाचित्रे काढणे हा त्यांचा मुंबईतील व्यवसाय होता. जुन्या काळी छायाचित्र काढवून घेणे ही मोठी कसोटीच असे. काचेवर ओले रसायन पसरून ती यंत्रात बसवीत, आणि चित्र उमटेपर्यंत समोरच्या माणसाला कित्येक सेकंद निश्चल बसावे लागे. मान हलू नये म्हणून तिच्यामागे लोखंडी आधारही लावीत. सावेदादा वयात आले त्या सुमारास रसायन लावलेल्या कोरड्या काचा तयार मिळू लागल्या. उजेड भरपूर असेल तर त्यांवर निमिषमात्रात चित्र उमटे. तरीही चित्र काढविण्याची रीत पूर्वीचीच राहिली. गिऱ्हाईक नवा पोशाख चढवून येई, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवी आणि गंभीर मुद्रा करून उभे राही. चित्र सुबक निघे. परंतु त्यात जीवनाची हालचाल नसे. हसणारा, धावणारा, भांडणारा, ओझे वाहणारा माणूस बाहेर रस्त्यावरच राहून जाई.

याच काळात एक नवल घडले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथमच दाखविण्यात आली. तिकीट एक रुपया होते. पडद्यावर आगगाडी स्थानकात शिरताना दिसली. कारखाना सुटल्यावर घरी निघालेले कामगार दिसले. त्यांत ना कथा होती, ना राजवाड्याचा देखावा. रोजच्या जीवनाचेच ते चालते-बोलते, पण मुके रूप होते. मुंबईतील हे खेळ पाहणाऱ्यांत सावेदादाही होते. आपणही अशी चित्रे घ्यावीत असे त्यांच्या मनाने घेतले. विचार नुसता मनात घोळवीत न बसता त्यांनी लंडनहून २१ गिनी किमतीचा चलच्चित्रांचा कॅमेरा मागविला. त्या वेळच्या हिशेबाने ही रक्कम ३०० रुपयांहून अधिक होत होती.

१८९९ साली मलबार टेकडीवरील हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती झाली. सावेदादांनी आपला कॅमेरा तेथे उभा केला. भारतीय माणसाने घेतलेले पहिले चलच्चित्र म्हणून याच कुस्तीचा उल्लेख केला जातो.

हे काम आज वाटते तितके सोपे नव्हते. त्या काळचा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवावा लागे. सेकंदाला सुमारे दोन फेरे, तेही एकाच लयीत फिरवावे लागत. हात रेंगाळला की पडद्यावरची माणसे उगाच धावू लागत. हात घाईने फिरला की ती मंदावत. कचकड्याच्या फितीची लांबीही बेताचीच असे, आणि ती थोड्याच वेळात संपून जाई. कुस्तीची जागा ठरविता येते, वेळ ठरविता येते. पण कोणता डाव केव्हा पडेल, हे कोण ठरविणार? दांडा लवकर फिरवू लागावे तर ऐन रंगाच्या वेळी फीत संपण्याची धास्ती. थांबून राहावे तर डाव हातचा जाण्याची भीती. मल्लांना थांबवून तोच डाव पुन्हा खेळा असे सांगता येत नाही. अशा वेळी विचार करीत बसायला सवड नसते. मनाने कौल दिला की हाताने चालू लागावे, एवढेच छायाचित्रकाराच्या हाती उरते.

कुस्ती संपली, तरी काय साधले ते लगेच कळणार नव्हते. अशी फीत धुण्याची सोय येथे नसल्यामुळे ती लंडनला पाठवावी लागली. आगबोटीने ती जाऊन परत येईपर्यंत कित्येक आठवडे वाट पाहणे आले. दरम्यान सावेदादा स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी चित्रे दाखविण्याचे यंत्र मिळवले आणि परदेशी चित्रांचे खेळ उघड्या जागेत करण्यास आरंभ केला. कुस्तीची फीत आल्यावर तीही त्यांनी आपल्या खेळांत दाखविली. आजवर परदेशी माणसे पाहणाऱ्या प्रेक्षकांना पडद्यावर आपल्याच मातीतले मल्ल दिसले!

त्यांचे दुसरे चित्र माकडांना खेळ शिकविणाऱ्या माणसाचे होते. विषयाची ही निवड लक्षात घेण्यासारखी आहे. मल्ल काय किंवा माकडवाला काय, ही लोकांच्या नित्य पाहण्यातील माणसे होती. त्यांच्याकडे पाहणारे हजारो होते. परंतु जपून ठेवावे असे त्यांत काही आहे, हे सावेदादांच्या नजरेने हेरले. शिवाय माकड तर मल्लाहूनही बेभरवशाचे! ते कोणाची आज्ञा मानून उभे राहणार? येथेही दक्ष नजर हाच छायाचित्रकाराचा आधार होता.

१९०१ साली तर त्यांनी इतिहासातील एक प्रसंगच टिपला. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे या मराठी तरुणाने १८९९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत सर्वोच्च स्थान मिळवून सीनियर रँग्लर होण्याचा मान संपादन केला होता. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. देश पारतंत्र्यात असताना या यशाने लोकांची मान ताठ झाली. डिसेंबर १९०१ मध्ये ते मुंबईस परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचे चित्रण सावेदादांनी केले. भारतातील पहिला वार्तापट म्हणून त्याची गणना होते. असा प्रसंग काही छायाचित्रकाराच्या सोयीने घडत नसतो. तो ज्या क्षणी घडतो, त्या क्षणी आपण तेथे सज्ज असावे लागते.

पुढे १९०३ च्या दिल्ली दरबाराचेही त्यांनी चित्रण केले. त्यानंतर चित्रे घेण्याचे काम सोडून ते मुंबईच्या गेइटी नाट्यगृहाचे व्यवस्थापक झाले. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट लोकांपुढे आला आणि पडदा कथांनी गजबजून गेला. मात्र घडत्या जीवनाकडे पाहण्याची दृष्टी लोपली नाही. हातात सहज मावणारे छोटे कॅमेरे निघाल्यावर जगभरचे छायाचित्रकार रस्त्यांवर उतरले. फ्रान्सचे आंरी कार्त्ये-ब्रेसाँ हे त्यांतील अग्रणी होत. दृश्याचा सारा अर्थ ज्यात एकवटतो, तो निर्णायक क्षण पकडणे हीच छायाचित्रकाराची कला, हा विचार त्यांच्या १९५२ च्या ग्रंथाने सर्वत्र पोहोचविला. त्याच वाटेवर आपल्या परीने अर्धशतकापूर्वी चालून गेलेले सावेदादा तेव्हा मुंबईत वृद्धापकाळी हयात होते. १९५८ साली त्यांचे निधन झाले.

खेदाची गोष्ट ही, की त्यांनी घेतलेली ती चित्रे आज पाहावयास मिळत नाहीत. त्या काळची कचकड्याची फीत चटकन पेट घेई, आणि नीट न जपल्यास कालांतराने कुजून जाई. धावता क्षण पकडला, तरी तो सांभाळण्याचे काम उरतेच, हे त्या काळी फार थोड्यांच्या ध्यानी आले.

आज बाजारात उभा असलेला मुलगाही हातातील फोनने शंभर चित्रे घेऊ शकतो आणि नको असलेली नव्याण्णव पुसून टाकू शकतो. सावेदादांना ही मुभा नव्हती. त्यांच्यापाशी एक फीत होती, एक संधी होती आणि दांडा फिरविणारा एक हात होता. अचूक क्षण साधणे हा पाहणाऱ्यांस दैवाचा खेळ वाटतो. परंतु दैवाने समोर आणलेला क्षण ओळखण्यास नजर लागते, आणि ती रोज डोळे उघडे ठेवून पाहिल्यानेच येते. मल्ल जसा वर्षानुवर्षे मेहनत करतो आणि एका निमिषात डाव टाकतो, तसेच हे आहे.