नेव्हिल डिसूझा

सातारा-सांगली हा कुस्तीचा मुलूख. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, हे तुम्हांला ठाऊक असेल. त्यानंतर चारच वर्षांनी आणखी एका खेळाडूने ऑलिंपिकचे मैदान गाजवले. त्यांचे नाव मात्र तुम्ही क्वचितच ऐकले असेल. ते म्हणजे फुटबॉलपटू नेव्हिल डिसूझा.

त्यांचे घराणे गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या आसगावचे. तेथेच 1932 साली त्यांचा जन्म झाला. त्या काळी गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. पोटापाण्यासाठी गोव्यातली अनेक कुटुंबे मुंबईला येत. नेव्हिल यांचा खेळही मुंबईतच बहरला. ते टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळत. त्यांचे भाऊ डेरेक हेही नावाजलेले फुटबॉलपटू होते.

1956 साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे ऑलिंपिक भरले. भारतीय संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ते मूळचे शाळेतले शिक्षक. त्यांच्या संघात निरनिराळ्या प्रांतांचे, धर्मांचे आणि भाषांचे खेळाडू होते. मैदानावर मात्र सर्वांची भाषा एकच होती, ती म्हणजे खेळाची.

1 डिसेंबरला भारताची गाठ यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. नेव्हिल यांनी दुसरा गोल केला. ऑस्ट्रेलियाने पुन्हा बरोबरी केली. दोनदा हातची आघाडी गेली, तरी नेव्हिल डगमगले नाहीत. मध्यंतरानंतर त्यांनी तिसरा गोल केला. पुढे किट्टू यांनी चौथा गोल केला आणि भारत 4-2 असा जिंकला. एकाच सामन्यात तीन गोल करणे याला हॅट्ट्रिक म्हणतात. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई खेळाडू ठरले.

उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल नेव्हिल यांचाच होता. पण तो सामना भारताने 1-4 असा गमावला. पुढे बल्गेरियानेही भारताला हरवले. पदक हुकले; भारत चौथा आला. तरीही एकूण चार गोल करून नेव्हिल स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक ठरले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारताला याहून वरचे स्थान आजवर मिळालेले नाही.

मुलांनो, एक गोष्ट ध्यानात घ्या. नेव्हिल भारतासाठी खेळले, तेव्हा त्यांचे गाव भारतात नव्हते. गोवा मुक्त झाला तो 1961 साली. गावावर परकी सत्ता होती. पण त्यांनी घाम गाळला तो भारतासाठी.

1980 साली नेव्हिल यांचे निधन झाले. पदक मिळवणाऱ्यांची नावे जगाच्या लक्षात राहतात. पदक थोडक्यात हुकलेल्यांची आठवण आपण ठेवायची असते. तुम्ही मैदानावर चेंडू घेऊन उतराल, तेव्हा आसगावच्या या खेळाडूची आठवण जरूर ठेवा.