थॉमस अर्स्किन

थॉमस अर्स्किन, पहिले बॅरन अर्स्किन (१० जानेवारी १७५० – १७ नोव्हेंबर १८२३) हे ब्रिटिश वकील, संसद सदस्य व इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर होते. मुद्रणस्वातंत्र्य, ज्युरीचे अधिकार आणि राजद्रोहाच्या आरोपाची व्याप्ती या प्रश्नांवर त्यांनी लढवलेले खटले इंग्लंडच्या विधी-इतिहासात महत्त्वाचे मानले जातात. लॉर्ड चॅन्सेलरपद हे त्यांना मिळालेले सर्वोच्च पद असले, तरी त्यांची कीर्ती त्यापूर्वीच्या २८ वर्षांच्या वकिलीवरच उभी आहे.

पूर्वायुष्य

अर्स्किन यांचा जन्म एडिंबरा येथे झाला. बुकनचे दहावे अर्ल हेन्री डेव्हिड अर्स्किन यांचे ते धाकटे पुत्र. घराणे थोर, पण उत्पन्न बेताचे; त्यामुळे मुलाला विद्यापीठात पाठवणे कुटुंबाला परवडले नाही. चौदाव्या वर्षी ते आरमारात दाखल झाले आणि चार वर्षे वेस्ट इंडीजच्या समुद्रात राहिले. १७६८ मध्ये त्यांनी पायदळात अधिकारपद मिळवले. १७७० मध्ये फ्रान्सिस मूर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लष्करातील गैरप्रकारांवर त्यांनी एक निनावी पुस्तिकाही लिहिली.

लष्करात बढतीची आशा नाही असे दिसल्यावर १७७५ मध्ये त्यांनी लंडनच्या लिंकन्स इनमध्ये नाव नोंदवले. पदवीधराला वकिलीच्या सनदेसाठी कमी काळ थांबावे लागे आणि उमरावाच्या मुलाला केंब्रिजमध्ये परीक्षेवाचून पदवी मिळे. या दोन्ही सवलतींचा लाभ घेऊन ते जुलै १७७८ मध्ये बॅरिस्टर झाले.

पहिला खटला

त्याच वर्षी कॅप्टन टॉमस बेली यांचे प्रकरण त्यांच्याकडे आले. बेली हे ग्रिनिच येथील वृद्ध व अपंग खलाशांच्या रुग्णालयाचे उपप्रमुख होते. तेथील भ्रष्टाचार त्यांनी छापून उघड केला, म्हणून त्यांच्यावर बदनामीची फौजदारी कारवाई सुरू झाली. बेलींच्या पाच वकिलांत अर्स्किन सर्वांत कनिष्ठ होते. ज्येष्ठांचा कल तडजोडीकडे होता. अर्स्किन यांनी मात्र भाषणात थेट आरमारमंत्री लॉर्ड सँडविच यांच्यावर ठपका ठेवला. सँडविच न्यायालयासमोर नाहीत, असे सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी बजावल्यावरही त्यांनी माघार घेतली नाही. बेली सुटले, आणि काल-परवा सनद मिळालेल्या या वकिलाकडे त्याच दिवसापासून अशिलांची रीघ लागली. बोलण्याचे धैर्य कोठून आले, असे विचारता, आपली मुले भाकरीसाठी झगा ओढत आहेत असा भास झाल्याचे ते सांगत, अशी आख्यायिका आहे.

१७८१ मध्ये लंडनमधील दंगलींबद्दल राजद्रोहाचा आरोप असलेले लॉर्ड जॉर्ज गॉर्डन यांचीही त्यांनी निर्दोष सुटका करवली.

ज्युरीचा अधिकार

अर्स्किन यांचे सर्वांत चिरस्थायी कार्य सेंट असाफचे डीन विल्यम शिपली यांच्या खटल्यातून उभे राहिले. शिपली यांनी एका विद्वानाचा व एका शेतकऱ्याचा राज्यव्यवस्थेविषयीचा संवाद पुनर्मुद्रित केला होता. त्याचे लेखक होते शिपली यांचे मेहुणे सर विल्यम जोन्स, म्हणजे पुढे कलकत्त्यात एशियाटिक सोसायटी स्थापणारे व शाकुंतलाचे इंग्रजी भाषांतर करणारे संस्कृतज्ञ. खटला चालेपर्यंत जोन्स भारतात न्यायाधीश म्हणून रुजू झाले होते. आरोपीच्या पिंजऱ्यात मात्र पुनर्मुद्रण करणारा उभा होता.

तत्कालीन न्यायाधीशांच्या मते अशा खटल्यात ज्युरीने दोनच गोष्टी ठरवायच्या: मजकूर आरोपीने प्रसिद्ध केला काय आणि त्यातील शब्दांचा रोख सरकार म्हणते त्यावरच आहे काय. मजकूर राजद्रोही आहे की नाही हे न्यायाधीश ठरवणार. याचा अर्थ असा की पुस्तक विकल्याचे सिद्ध झाले की आरोपी जवळजवळ दोषी ठरलाच. त्याचा हेतू काय होता याचा विचार त्याच्या बरोबरीचे नागरिक करू शकत नसत. ऑगस्ट १७८४ मध्ये श्रूझबरी येथे ज्युरीने शिपली केवळ प्रसिद्धीपुरते दोषी असल्याचा निर्णय दिला. न्यायमूर्ती बुलर यांना त्यातील ‘केवळ’ हा शब्द अडचणीचा वाटला. तो जसाच्या तसा नोंदवावा असा अर्स्किन यांनी आग्रह धरला आणि न्यायाधीशांनी खाली बसण्यास फर्मावले तरी ते बसले नाहीत. नव्या सुनावणीची मागणी मॅन्सफिल्ड यांनी फेटाळली, पण आरोपपत्रातील दोषामुळे शिपली अखेर सुटले. कायद्याचा मुद्दा अर्स्किन हरले होते. मात्र १७९२ मध्ये चार्ल्स जेम्स फॉक्स यांच्या पुढाकाराने संमत झालेल्या कायद्याने तोच मुद्दा मान्य करून संपूर्ण प्रश्नावर निर्णय देण्याचा अधिकार ज्युरीला दिला.

हा अधिकार ज्युरी कोणाची यावर किती अवलंबून असतो हे पुढे मुंबईतही दिसले. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवरील खटल्यात नऊ जणांच्या ज्युरीत सात युरोपीय होते. ७ विरुद्ध २ मतांनी टिळक दोषी ठरले.

पेन यांचा बचाव

फॉक्स यांचा कायदा झाला त्याच वर्षी टॉमस पेन यांच्या ‘राइट्स ऑफ मॅन’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागावर खटला भरण्यात आला. अर्स्किन तेव्हा प्रिन्स ऑफ वेल्सचे अ‍ॅटर्नी जनरल होते. हे वकीलपत्र घेऊ नये म्हणून त्यांच्यावर दबाव आला, पण त्यांनी ते घेतले. आरोपीची बाजू घ्यायची की नाही हे वकील स्वतःच्या मतांवरून ठरवू लागला, तर तो खटल्याआधीच न्यायाधीश बनतो, अशी त्यांची भूमिका होती. पेन फ्रान्समध्ये असल्याने खटला त्यांच्या अनुपस्थितीत चालला. अर्स्किन यांच्या दीर्घ भाषणानंतर सरकारी वकिलाचे उत्तर ऐकण्याचीही गरज ज्युरीला वाटली नाही. तिने पेन यांना दोषी ठरवले. अर्स्किन यांचे पद गेले, पण न्यायालयाबाहेर जमलेल्या लोकांनी त्यांच्या गाडीचे घोडे सोडून ती स्वतः ओढत नेली.

१७९४ चे राजद्रोह खटले

फ्रेंच राज्यक्रांतीने धास्तावलेल्या पिट सरकारने १७९४ मध्ये हेबियस कॉर्पसचा कायदा स्थगित केला आणि संसदीय सुधारणा मागणाऱ्या कार्यकर्त्यांना राजद्रोहाखाली अटक केली. पहिला आरोपी होता लंडन करस्पाँडिंग सोसायटीचा चिटणीस, चर्मकार टॉमस हार्डी. तो तुरुंगात असतानाच त्याची पत्नी बाळंतपणात मरण पावली. आरोप सिद्ध झाला असता तर शिक्षा मृत्यूचीच होती.

एक कायदेशीर बाब येथे आरोपींच्या पथ्यावर पडली. चोरी किंवा खुनासारख्या गुन्ह्यांत आरोपीच्या वकिलाला ज्युरीपुढे भाषण करण्याची मुभा इंग्लंडमध्ये १८३६ पर्यंत नव्हती. राजद्रोहात मात्र ती १६९६ पासून होती. सरकारी वकील जॉन स्कॉट यांचे प्रास्ताविक नऊ तास चालले, अर्स्किन सात तास बोलले. १३५१ च्या कायद्यातील राजाच्या मृत्यूची कल्पना करणे हा गुन्हा ओढूनताणून सभा-ठरावांना लावता येणार नाही, असे त्यांनी मांडले आणि सरकारी हेरांच्या साक्षी उलटतपासणीत खिळखिळ्या केल्या. ५ नोव्हेंबर रोजी हार्डी सुटला. त्यानंतर हॉर्न टूक व जॉन थेलवॉलही सुटले आणि उर्वरित खटले सरकारने सोडून दिले.

विल्यम्स प्रकरण आणि हॅडफिल्ड खटला

१७९७ मध्ये याच अर्स्किन यांनी पेन यांचे ‘एज ऑफ रीझन’ विकणाऱ्या टॉमस विल्यम्स या पुस्तकविक्रेत्याविरुद्ध धर्मनिंदेचा खटला चालवून त्याला दोषी ठरवून घेतले. राज्यव्यवस्थेवरील टीकेला त्यांनी जे संरक्षण मागितले, ते धर्मावरील टीकेला दिले नाही, ही विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही. विल्यम्सच्या कुटुंबाची हलाखी पाहून त्यांनी फिर्यादी मंडळींना दयेची विनंती केली. ती अमान्य होताच वकीलपत्र परत केले.

१८०० मध्ये तिसऱ्या जॉर्ज राजावर नाट्यगृहात गोळी झाडणाऱ्या जेम्स हॅडफिल्ड या माजी सैनिकाचा बचाव त्यांनी केला. वेड म्हणजे सर्व समज हरपणे, ही जुनी कसोटी अपुरी आहे; इतर बाबतींत शहाणा दिसणारा मनुष्यही एखाद्या भ्रमाने पछाडलेला असू शकतो, हा त्यांचा युक्तिवाद सरन्यायाधीश केन्यन यांना पटला आणि खटला मध्येच थांबवण्यात आला. त्यानंतर लगेच झालेल्या कायद्याने अशा आरोपींना ताब्यात ठेवण्याची तरतूद केली. हॅडफिल्ड १८४१ मध्ये मरेपर्यंत कोठडीतच राहिला.

उत्तरायुष्य

१८०६ मध्ये ते लॉर्ड चॅन्सेलर व बॅरन झाले. ज्युरीमार्फत न्याय हेच ब्रीद त्यांनी आपल्या सरदारकीच्या चिन्हावर घेतले. गंमत अशी की चॅन्सरी न्यायालयात ज्युरी नसे आणि तेथील कायद्याचा त्यांना फारसा सरावही नव्हता. सुमारे वर्षभरातच मंत्रिमंडळ पडले. संसदेत त्यांची वक्तृत्वकला कधीच न्यायालयातल्यासारखी फुलली नाही. प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारे त्यांचे १८०९ चे विधेयक लॉर्ड्स सभेत मंजूर झाले, पण कॉमन्समध्ये फेटाळले गेले. अखेरच्या वर्षांत आर्थिक ओढगस्त वाढली. तरीही १८१९ मध्ये सभा व वृत्तपत्रांवर निर्बंध घालणाऱ्या कायद्यांना त्यांनी विरोध केला आणि १८२० मध्ये राणी कॅरोलाइन यांची बाजू घेतली. स्कॉटलंडला समुद्रमार्गे जात असता ते आजारी पडले आणि एडिंबराजवळील आमंडेल येथे त्यांचे निधन झाले. अपहॉल येथे त्यांचे दफन करण्यात आले.