विश्लेषण : सूझा यांच्या चित्रांतील शहरे कललेली का दिसतात?

काळ्याभोर जाड रेषा, एकमेकींवर कललेल्या इमारती, आभाळात घुसणारे मनोरे आणि लाल, निळ्या, पिवळ्या रंगांचे तुकडे. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचे शहरचित्र लांबूनही ओळखू येते. मुंबई, लंडन आणि न्यूयॉर्क या तीन बंदरांच्या शहरांत त्यांचे आयुष्य गेले. मात्र, एकाही शहरात ते कायमचे रुजले नाहीत.

जडणघडण कशी झाली?

सूझा यांचा जन्म १२ एप्रिल १९२४ रोजी गोव्यातील साळगावचा. ते तान्हे असतानाच वडील वारले. आई मुंबईत आली आणि शिवणकाम करून घर चालवू लागली. लहानपणी सूझा यांना देवी आल्या, तेव्हा आईने सेंट फ्रान्सिस झेवियर यांना नवस बोलला. मुलगा वाचला आणि त्याच्या नावात फ्रान्सिस जोडले गेले. पुढे शाळेतून त्यांची हकालपट्टी झाली. राजकीय चळवळीतील सहभागामुळे १९४५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे दारही बंद झाले.

प्रोग्रेसिव्ह ग्रुप काय होता?

१९४७ मध्ये सूझा यांच्या पुढाकाराने मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाक्रे हे त्यांचे साथीदार. ब्रिटिश अकादमीची ठरीव शैली आणि जुन्या वैभवाची भावुक चित्रे, दोन्ही त्यांना नको होती.

क्युबिझमचा संबंध काय?

पिकासो आणि ब्राक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये ही शैली घडवली. यात वस्तू एकाच जागेवरून पाहिलेली नसते. समोरची भिंत, बाजूची खिडकी आणि वरचे छप्पर एकाच वेळी कागदावर येते. सूझा यांनी या शैलीचे नियम जसेच्या तसे पाळले नाहीत. त्यांनी तिची भूमिती घेतली. जाड काळ्या रेषांत कोंडलेले त्यांचे रंग चर्चच्या रंगीत काचांची आठवण करून देतात. शहर कोणतेही असो, त्यात घुमट आणि क्रूस हमखास डोकावतात.

यश कधी मिळाले?

१९४९ मध्ये ते लंडनला गेले. सुरुवातीची वर्षे हलाखीची होती. पत्नी मारिया यांच्या कमाईवर घर चाले. १९५५ मध्ये ‘एन्काउंटर’ मासिकात त्यांचा आत्मपर लेख आला, गॅलरी वनमधील प्रदर्शन गाजले आणि चित्रे विकली गेली. १९६७ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले, पण लंडनमधील झळाळी तिथे लाभली नाही.

आज महत्त्व काय?

२८ मार्च २००२ रोजी मुंबईत सूझा यांचे निधन झाले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. १९५५ मधील त्यांचे ‘बर्थ’ हे चित्र २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४० लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. ही किंमत पाहायला चित्रकार नव्हता.