पुतळा हलला, पूर्वग्रहाचे काय?

१७ एप्रिल २०१८ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून एका डॉक्टरचा पुतळा हलविण्यात आला. जेम्स मॅरियन सिम्स हे त्याचे नाव. वैद्यकाची पुस्तके त्याला आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणतात. त्याचे चरित्र आम्ही त्याच्या टेबलावर निजविलेल्या स्त्रियांच्या बाजूने सांगणार आहोत.

सिम्सचा जन्म १८१३ सालचा, दक्षिण कॅरोलिनातला. १८३५ मध्ये फिलाडेल्फियाला तो डॉक्टर झाला. गावी दवाखाना थाटला, पण पहिले दोन्ही रुग्ण, दोन तान्ही बाळे, दगावली. तो अलाबामात गेला आणि १८४० मध्ये मॉन्टगोमेरीत स्थिरावला. हा कापसाचा आणि गुलामांचा मुलूख. मळेवाल्यांच्या गुलामांवर उपचार करणे हा त्याच्या व्यवसायाचा मोठा भाग होता. तो स्वतःही गुलामांचा मालक होता.

गुलाम स्त्रीचे बाळंतपण म्हणजे मालकाच्या मालमत्तेत भर. बाळंतपण दिवसेंदिवस अडले की मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये भोक पडे आणि लघवी सतत झिरपत राही. अशी स्त्री मालकाच्या कामाची उरत नसे. सुमारे सतरा वर्षांची अनार्का तीन दिवस अडून अशीच झाली. सिम्सने घराच्या आवारात छोटे रुग्णालय उभारले, मालकांकडून अशा स्त्रिया ताब्यात घेतल्या आणि १८४५ ते १८४९ त्यांच्यावर प्रयोग केले. अनार्का, बेट्सी आणि लूसी ही तीनच नावे त्याने नोंदविली. लूसीची शस्त्रक्रिया बारा डॉक्टरांसमोर झाली. नंतर ती मरता मरता वाचली. एकट्या अनार्कावर सुमारे ३० शस्त्रक्रिया झाल्या. ईथरने भूल देता येते हे १८४६ मध्ये बोस्टनला सिद्ध झाले होते. या स्त्रियांना ती मिळाली नाही. सहकारी डॉक्टर येईनासे झाले, तेव्हा याच स्त्रियांनी एकमेकींच्या शस्त्रक्रियांत मदत केली.

त्या राजी होत्या, असे सिम्सने पुढे लिहून ठेवले. आम्ही वकील आहोत. जिला नाही म्हणण्याचा अधिकारच नाही, तिच्या होकाराला कायद्यात किंमत काय?

१८४९ मध्ये चांदीच्या तारेच्या टाक्यांनी अनार्काची जखम भरली. सिम्स न्यूयॉर्कला गेला, १८५५ मध्ये स्त्रियांचे रुग्णालय काढले, युरोपात नाव कमावले, १८७६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा अध्यक्ष झाला. १८८३ मध्ये वारला; १८९४ मध्ये पुतळा उभा राहिला. त्याच्या शस्त्रक्रियेने पुढे असंख्य स्त्रियांचे दुःख हलके झाले, हे आम्ही नाकारत नाही. पण काळ्या स्त्रीला वेदना कमी होतात, ही गुलामीच्या काळातली समजूत मात्र दवाखान्यांतून गेली नाही.

२०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अभ्यासात सुमारे निम्म्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना व शिकाऊ डॉक्टरांना काळ्यांच्या शरीराबद्दलची किमान एक खोटी समजूत खरी वाटत होती. काळ्यांची कातडी जाड असते, ही त्यातलीच एक. २०२१ मध्ये अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ काळ्या माता दगावल्या, गोऱ्या २६.६.

म्हणून कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा केला. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांना नकळत बाळगलेल्या पूर्वग्रहाचे प्रशिक्षण सक्तीचे झाले आणि तक्रार कुठे करावी हे रुग्ण स्त्रीला लेखी कळविणे बंधनकारक झाले. पण दंडाची तरतूद नव्हती. ती २०२४ च्या दुरुस्तीने आली. दंडाविना सक्ती म्हणजे सुविचाराचा फलक, हे आपल्याला अस्पृश्यतेच्या कायद्यांनी केव्हाच शिकविले आहे.

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपला गुलामगिरी हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना अर्पण केला. अनार्काशी आपले नाते त्यांनीच जोडून दिले आहे. मग प्रश्न आपल्यालाही आहे. आपल्या प्रसूतिगृहात केसपेपरवरचे आडनाव वाचून कुणाचा आवाज चढत नाही, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? प्रशिक्षण, तक्रारीचा हक्क आणि दंड, या तिन्हींची मागणी चळवळीने एकत्रच केली पाहिजे. २०२१ मध्ये मॉन्टगोमेरीत अनार्का, बेट्सी आणि लूसी यांचे पुतळे उभे राहिले. त्यांना खरे अभिवादन तेच ठरेल.