अविवाहितेच्या मताची लढाई

पतीच्या मतातच पत्नीचे मत आले, असे मानणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत कर भरणाऱ्या अविवाहित स्त्रीचे मत मात्र कोणाच्याच खाती जमा होत नव्हते. या विसंगतीवर बोट ठेवले ते सुसान बी. अँथनी यांनी.

१५ फेब्रुवारी १८२० रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेल्या सुसान काही काळ शिक्षिका होत्या. पुरुष शिक्षकांहून कमी वेतनाचा अनुभव त्यांनी तेथेच घेतला. त्या आजन्म अविवाहित राहिल्या आणि गावोगावी व्याख्याने देत त्यांनी मताधिकाराची चळवळ बांधली. ५ नोव्हेंबर १८७२ रोजी त्यांनी रॉचेस्टर येथे अध्यक्षीय निवडणुकीत मतदान केले. त्याबद्दल त्यांना अटक झाली. १८७३ मध्ये न्यायालयाने ठोठावलेला १०० डॉलरचा दंड त्यांनी अखेरपर्यंत भरला नाही. एकट्या स्त्रियांचे युग येणार, असे भाकीत त्यांनी १८७७ मध्ये केले होते.

१३ मार्च १९०६ रोजी त्यांचे निधन झाले. देशव्यापी मताधिकार आला तो १९२० मध्ये. पुढे २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत, मतदानोत्तर चाचणीनुसार, सुमारे ७० टक्के अविवाहित स्त्रियांनी बराक ओबामा यांना कौल दिला. विवाहित स्त्रियांचा कल किंचित जॉन मॅक्केन यांच्याकडे होता. ज्यांच्या मताची एकेकाळी गणतीच नव्हती, त्यांचा कौल आता निर्णायक ठरू लागला होता.