सहा चवी, पंधरा जोड्या

मुलांनो, भास्कराचार्यांचा जन्म इ.स. १११४चा. त्यांचे वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ लिहिला. ‘लीलावती’ हा त्याचाच भाग. त्यात ते विचारतात: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट या सहा चवी एक-एक, दोन-दोन, तीन-तीन अशा घेतल्या, तर किती प्रकार होतील?

आपण दोन-दोनचं बघू. ६ × ५ = ३०. पण गोड-आंबट आणि आंबट-गोड एकच ना? म्हणून निम्मे, १५.

आता चवींऐवजी मुलं घ्या. समजा, इथे कॅनडातल्या लंडनमध्ये तुमच्या वर्गात सहा जण आहेत. गणपतीच्या नाटकासाठी चिठ्ठ्या टाकून दोघांना निवडायचंय. तुमची आणि तुमच्या खास दोस्ताचीच जोडी निघण्याची शक्यता १५ मध्ये १. पण तुम्ही स्वतः ५ जोड्यांत आहात, म्हणून तुमचं नाव निघण्याची शक्यता ३ मध्ये १. तेव्हा दोस्त सोबत नसला तर रुसू नका. चिठ्ठीने कुणावर अन्याय केलेला नाही!

भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला चाळीसगावजवळ पाटण इथे मठ काढला. तिथल्या देवळातल्या शिलालेखात हे कोरलेलं आहे.

आता सांगा, वर्गात आठ जण असतील तर जोड्या किती?