बुद्धिबळाचे तत्त्वज्ञ विल्हेल्म स्टाइनित्झ

बुद्धिबळाचा खेळ आपल्याच देशात जन्मास आला, आणि प्याद्याने केलेली मात आपल्याकडे विशेष मानाची समजत. अशा लहान गोष्टींचे मोल ज्यांनी जगास पटवून दिले, त्या विल्हेल्म स्टाइनित्झ यांचे चरित्र आम्ही नवी मुंबईतील आमच्या बालवाचकांपुढे ठेवीत आहो.

स्टाइनित्झ यांचा जन्म १८३६ साली प्राग शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. गणित शिकण्यास ते व्हिएन्नास गेले. परंतु पटाने त्यांस कायमचे ओढून घेतले. त्या काळी मोहऱ्यांमागून मोहरी बळी देऊन प्रतिपक्षाच्या राजावर तुटून पडणे, हेच शौर्य मानीत. स्टाइनित्झही प्रथम तसेच खेळत, व १८६६ साली त्यांनी लंडन येथे आंडरसेन या नामांकित खेळाडूस जिंकले.

तथापि तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. डाव जिंकला तो का, याचा ते शोध करू लागले. त्यांस असे दिसून आले की, चमत्कारिक वाटणारी खेळी आकाशातून पडत नाही. एखादे मोक्याचे घर, प्रतिपक्षाचे एखादे दुबळे प्यादे, असे लहान लहान लाभ आधी साठवावे लागतात. ते साठल्यावर हल्ला न करणे ही चूक. साठण्यापूर्वी करणे हा अविचार. १८७३ पासून ते या रीतीने खेळू लागले, तेव्हा पुष्कळांनी त्यांस भित्रे ठरविले.

१८८६ साली जगज्जेतेपदाचा पहिला सामना झाला. त्सुकरटोर्ट यांच्याशी झालेल्या पहिल्या पाच डावांत स्टाइनित्झ चार हरले. तरी त्यांनी आपली रीत सोडली नाही. अखेर दहा डाव जिंकून व पाच हरून ते जगज्जेते झाले.

१८९४ साली तरुण लास्कर यांनी ते पद त्यांजकडून घेतले. परंतु पुढच्याच वर्षी, साठीच्या उंबरठ्यावर असता, हेस्टिंग्ज येथे स्टाइनित्झ यांनी एक अजरामर डाव खेळला. प्रतिपक्षी फोन बार्डेलेबेन यांचा राजा किल्लेकोटावाचून मध्येच अडकला होता. स्टाइनित्झ यांचा हत्ती सातव्या ओळीत शहामागून शह देत चालला. तो समोर उघडा असूनही त्यास मारण्याची सोय नव्हती. बार्डेलेबेन न बोलता दालनातून निघून गेले.

१९०० साली न्यू यॉर्क येथे दारिद्र्यात स्टाइनित्झ यांचा अंत झाला. पुढे त्यांचे तत्त्व जगास समजावून सांगितले ते त्यांस हरविणाऱ्या लास्कर यांनीच.

विद्यार्थ्यांनो, परीक्षेच्या आदल्या रात्री चमत्काराची वाट पाहणाऱ्याने त्या हत्तीची चाल आठवावी. ती अवचित दिसली, पण तिची तयारी कितीतरी खेळ्या आधीपासून चालली होती.